अर्धा तास आधीची गोळी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेलापूरला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टचा पत्ता नाही. ह्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर. बसून असले की बरे, पण मोरीपर्यंत गेले की धापा. बोलणंसुद्धा दोन-दोन शब्दांवर आलेलं. आणि ध्यास काय, तर दिवाळे गावच्या मासळीबाजारात जाऊन पापलेट स्वतः निवडायचं! म्हणे मला कल्ले बघून ताजा मासा ओळखता येत नाही. ऐका आता!

डॉक्टरांनी मॉर्फिनची लहानशी गोळी लिहून दिली. ती अफूपासून करतात हे कळल्यावर धाकट्या नणंदेनं घर डोक्यावर घेतलं.

"वहिनी, माझ्या दादाला अफू चारताय?"

"अहो वन्सं, डॉक्टरांनी मोजून दिलीय."

"मोजून दिलं म्हणून विषाचं काय अमृत होतं?"

मग मीही घाबरले. गोळी राखून ठेवायला लागले. आमची बायकांची जातच तशी, नवी चादर कपाटात आणि विरलेली अंगावर. ह्यांची धाप अगदी बघवेना झाली की मगच गोळी द्यायची. ती लागू पडेपर्यंत हे आपोआप शांत झालेले असायचे, वर पेंगायचे. गोळीचा काही उपयोग नाही, असं मी डॉक्टरांना ठणकावून सांगितलं.

त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि हसायलाच लागले. "काकू, पंगत उठल्यावर वरणाला डाळ लावता का? चालायच्या अर्धा तास आधी द्या. फुफ्फुस नाही सुधारणार त्यानं, पण श्वासासाठीची तडफड कमी होईल. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, बघू करून. मात्रा मनानं वाढवायची नाही. आणि पोट साफ व्हायचं औषध रोज द्यायचं."

रविवारी सकाळी गोळी दिली आणि घड्याळ मांडीवर घेऊन बसले. अर्ध्या तासानं हे उठले. एक जिना उतरले, थांबले. दुसरा उतरले. "अगं, दम लागतोय," म्हणाले, "पण गुदमरत नाहीये!" अख्खं वाक्य! मी जिन्यातच टाळ्या वाजवल्या.

रिक्षानं दिवाळ्याला पोचलो. आमची नेहमीची कोळीण ओरडली, "आवं भाऊ! किती दिसांनी! मला वाटलं, बायकोनं कोंडून ठेवलंय तुमाला."

"कोंडलं तुझ्या भावानं! एवढंसं पापलेट आणि एवढा भाव? काल पकडलेलं आहे हे, आज ताजं म्हणून कुणाला विकतेस?" ह्यांनी असं धडाधड भांडायला सुरुवात केली, आणि मी मेली तिथं उभी राहून रडतेय, हसतेय. ती कोळीण म्हणाली, "वयनी, म्हावरं माझं महाग हाय, रडता तुमी कशाला?"

वर चढायला मात्र बराच वेळ लागला. शेजाऱ्यांनी प्रत्येक वळणावर खुर्ची ठेवली होती, प्रत्येक खुर्चीवर बसले. घरात आल्यावर वन्संनी पाणी दिलं आणि गोळ्यांची डबी स्वतः उचलून नीट ठेवली.

कापायला घेतलं तर पापलेट चांगलंच शिळं निघालं. भांडणाच्या आनंदात कल्ले बघायचेच राहिले होते! मी चिंच-तिखट सढळ हातानं लावलं आणि तळून वाढलं. हे दोन तुकडे खाऊन म्हणाले, "असं आणायला नजर लागते." मी म्हटलं, "लागते हो, पुढच्या रविवारीही तुम्हीच आणा."