माणशी किती धूर

नातीला कॉलेजात काम दिलं होतं: घरातल्या जुन्या गाडीनं हवेत किती धूर सोडला, त्याचा अंदाज काढायचा. माझी ऐंशी सालच्या पुढची डायरी तिच्या हाती लागली. पेट्रोल किती लिटर भरलं, गाडी किती किलोमीटर चालली, सगळं मी लिहून ठेवायचो. मोटारसायकलचं भारीच कौतुक होतं मला. लिटरमागं सव्वादोन किलोच्या वर कार्बन वायू, असं सांगून ती गुणाकाराला बसली.

तेव्हा आम्ही तवंदीला राहायचो, निपाणीच्या वरच्या अंगाला. मी निपाणीत कारकून. माझी मोठी बहीण, आमची आक्का, तिथल्याच एका तंबाखूच्या वखारीत कामाला. घाट उतरून ती चालत जायची. तिच्याच मजुरीवर मी मॅट्रिकपर्यंत शिकलो होतो. आणि तिला गाडीवर घ्यायची मला लाज वाटायची. तिच्या लुगड्याचा तंबाखूचा वास धुऊनही जात नसे. तो माझ्या इस्त्रीच्या शर्टाला लागला तर ऑफिसात काय म्हणतील!

पेट्रोल वाचवायला घाटात इंजीन बंद करून गाडी सोडून द्यायची, ही आमच्याकडं सगळ्यांचीच रीत. मीही सोडायचो, पण माझं कारण वेगळं होतं. आवाज नसला की आक्का मागं वळून बघणार नाही. मान खाली घालून मी तिच्या बाजूनं निघून जायचो. एके दिवशी मी पोचायच्या आधीच ती कडेला सरकली. वळली नाही, नुसती वाट दिली. म्हणजे तिला ठाऊक होतं. तरी मी थांबलो नाही. पुढं कित्येक वर्षं थांबलो नाही, इतका हलकट मी.

"आजोबा, गाडीवर किती जण असायचे?" नातीनं विचारलं. "माणशी काढायचंय. जेवढे जण, तेवढ्यांनी भागायचं."

आक्का समोरच लसूण सोलत बसली होती. आता गुडघे गेलेत तिचे. माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन."

"दुसरं कोण?"

कान तापले. आक्कानं सोललेली पाकळी वाटीत टाकली.

"मी गं," ती म्हणाली. "रोज मागं मीच बसायची की. लिव तू, दोन."

नातीनं आकडा निम्मा केला. मी उठून परसात गेलो. आक्काकडं बघायचं धाडस झालं नाही.