बेन

मायचा नानांवर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

एका बाईवरून.
बाई वीतभरही नव्हती. मातीची होती.

आज मायचा स्मृतिदिन. यंदा तो भाऊबीजेलाच आलाय.

नाना म्हणजे माझे वडील, रनाळ्याचे. रुई बोटांत धरून तिची प्रत सांगायचे. युद्धाआधी मुंबईच्या एका कापूस कंपनीनं त्यांना जपानला, कोबे बंदरात पाठवलं.

तिथं नव्या वर्षात लोक सात देवळं फिरतात. सात देव, प्रत्येकाचं देऊळ वेगळं. सगळी झाली की वर्ष भाग्याचं जातं.
नानांनीही केली.

परत आले ते मातीचं गलबत घेऊन. त्यात सातही देव बसलेले.

मायनं ते उजेडात धरलं.
"सहा गडी. आनि हाई कोन शे?"
"बेन्तेन. आपली सरस्वतीच ती. वीणा नही दिखत का?"
"सरस्वतीले लुगडं नही?"

सहा देवळांबद्दल नाना रंगून सांगत. घंटा, पायऱ्या, बर्फ.
सातव्यापाशी आले की पाणी मागत.

"तठे कोनासंगे गयथात?"
"एकलाच. तठे नवराबायको संगे जातस नही. देवीले राग येस."
"हाई तुमले कोनी सांगं?"
नानांनी पुन्हा पाणी मागितलं.

जपानशी युद्ध पेटलं, तेव्हा फौजदार घरी आला. नाना हेर असतील म्हणून. गलबत उलटंपालटं करून पाहिलं, चहा प्याला, गेला.
त्याचा संशय फिटला.
मायचा नाही.

पुढच्या दिवाळीत तिनं तोड काढली. गुजरात शेजारी, त्यामुळे बेन म्हणजे बहीण हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक. भाऊबीजेला तिनं नानांना पाटावर बसवलं. गलबतातून बाई उचलली, तबकात ठेवली आणि त्या तबकानं नानांना ओवाळलं.

"हिनं नाव बेन शे ना? मंग आजपाशी बहीन."

नानांनी मुकाट ओवाळणी घातली. दरवर्षी घालत राहिले.
ओवाळताना मायची नजर त्यांच्या चेहऱ्यावर असायची. बारीक.

पुढं कॉलेजात मी वाचलं. बेन्तेन खरोखरच सरस्वती. जोडीनं न जाण्याची समजूतही खरी.
सुट्टीत घरी आलो आणि आधी हेच सांगितलं.

माय भाकरी थापत होती.
"नाव खरं शे. पन गयथात कोनासंगे, हाई शे का तुन्हा पुस्तकमा?"

नव्हतं.

नाना गेले, तेव्हा भेटायला आलेल्या बायकांमध्ये मायनं ती मूर्ती आणून शेजारी ठेवली.
"हाई कोन वं?" कुणीतरी विचारलं.
"मन्ही नणंद."

मग मूर्तीकडे वाकली. हळू बोलली, पण मला ऐकू आलं.
"आते तरी सांग."

मूर्ती आता माझ्याकडे असते. फोटो टाकलाय. गलबतात मधली जागा रिकामी दिसेल, ती तिची. मायनं तिला परत कधी त्या सहांत बसू दिलं नाही.

माय, आता नानाच समोर आहेत.
विचारून घे.