न पाहिलेलं मनगट

आमवाताच्या संशोधनात मी डॉक्टर म्हणून काम करत होते त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, आणि कडा गावाकडची निम्मी जनावरं चारा छावणीत होती. अभ्यास साधा होता. नुसतं दुखणं विचारून औषध ठरवायचं, की सोनोग्राफीत सांध्यातली सूज बघून ठरवायचं, यातलं कोणतं बरं, एवढंच आम्ही तपासत होतो.

आमच्या बीड जिल्ह्यात सोनोग्राफी म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते. भिंतीवर गर्भलिंग तपासत नसल्याची पाटी, आणि तिच्याखाली पन्नाशीतल्या बायका पदराआड हसत बसलेल्या. कड्याजवळच्या खेड्यातून येणाऱ्या एका मावशींची तर गावानं या वयात पाळणा हलणार म्हणून थट्टा केली होती. ती त्यांनीच मला सांगितली आणि माझ्याआधी हसल्या.

मावशींचं सगळं हातांवर होतं. गावच्या दूध संस्थेत त्या स्वतःच्या नावावर सभासद होत्या, नवऱ्याच्या नव्हे. दूध घातलं तर नाव राहणार, नाहीतर कटणार. एकच म्हैस उरली होती आणि ती दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. बाकी काही नको, धार काढण्यापुरते हात चालते ठेवा, एवढंच मावशींचं मागणं होतं.

पहिल्या तपासणीला त्यांच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. बोटांची मुळं सुजल्यामुळे त्या निघण्यासारख्या नव्हत्या, वाढवाव्या लागल्या असत्या. बांगडी फोडणं हा शब्दसुद्धा आमच्याकडे सवाष्णीपुढे उच्चारत नाहीत. मी याच जिल्ह्यातल्या चौसाळ्याची. बाहेरून आलेल्या वरिष्ठांना यातलं काय कळणार, मला कळतं, ही माझी घमेंड. मी काही न बोलता बांगड्या जमतील तितक्या वर सरकवल्या आणि उरलेल्या फटीतून मनगट बघितल्यासारखं केलं. बोटांचे सांधे शांत होते. मनगटापुढेही मी ‘सूज नाही’ लिहून टाकलं. मावशी सोनोग्राफीच्या गटात होत्या; सूज नसेल तर औषध कमी, या नियमाप्रमाणे त्यांची आमवाताची आठवड्याची गोळी कमी झाली.

सहा महिन्यांनी मावशी आल्या त्या उजवा हात डाव्या हातानं धरूनच. मनगट फुगलं होतं. मूठ वळत नव्हती, म्हैस छावणीत कास तुंबून ओरडत होती, आणि संस्थेत आठवडाभर दूध गेलं नव्हतं. या वेळी मी विचारलं, बांगड्या वाढवाव्या लागतील, चालेल का. मावशींनी मान हलवली, कमरेच्या पिशवीतून हळदीत भिजवलेला दोरा काढला आणि सवाष्णीचा हात रिकामा राहू नये म्हणून नर्सला आधी तो हाताला बांधायला लावला. मग बांगड्या वाढवल्या.

पडद्यावर मनगटाच्या जागी लाल ठिपक्यांची गर्दी होती. सूज अगदी जिवंत होती, आणि खाली हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसत होती. ते एका दिवसात होत नाही. मला स्वतःचा भयंकर राग आला.

“मावशी, मागच्या वेळी मी मनगट नीट बघितलंच नव्हतं,” मी म्हणाले. “बांगड्यांमुळं. चूक माझी आहे.”

त्यांनी हातावरच्या दोऱ्याकडे बोट दाखवलं.

“ह्यो दोरा तवाबी आणला व्हता म्या,” त्या म्हणाल्या. “शेजारीण म्हणली व्हती, बांगड्या काढाया लावत्यात. तुमी इचारलंच न्हाई.”

मी वरिष्ठांना सगळं सांगितलं, जुनी नोंद खोडून खरी लिहिली, औषध वाढवलं. दोन-तीन महिन्यांत सूज उतरली. मनगट मात्र पहिल्यासारखं वळलं नाही. म्हैस विकली गेली. पुढच्या वार्षिक सभेला दूध संस्थेनं सभासदांची यादी लावली, तीत मावशींचं नाव नव्हतं.