कप्तान मेला त्या रविवारची भाकरी

पाटा वहिनीकडे गेला आणि वरवंटा आमच्याकडे आला, तिथून सांगतो. आम्हा दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा शेत, केळीचा मळा, बैल सगळं चार माणसांनी घडीभरात वाटून दिलं. गाडं अडलं ते पाट्या-वरवंट्यापाशी. दोघी जावा हटून बसल्या. शेवटी पंचांनी कंटाळून एकीला पाटा दिला, एकीला वरवंटा. त्यानंतर तीन वर्षं दोघी चटणी वाटायला शेजारणीकडे गेल्या, पण एकमेकींशी बोलल्या नाहीत.

जळगावजवळच्या असोद्यात आमची घरं समोरासमोर, मध्ये आठ पावलांची गल्ली. आम्ही भाऊ मळ्यात पोटभर बोलायचो आणि गल्लीत आलो की मुके व्हायचो.

त्या साली वहिनीच्या पोरीचं लग्न ठरलं. आम्हाला पोरबाळ नाही. ती पोर माझ्या बायकोच्याच मांडीवर वाढलेली. बायकोनं तिच्यासाठी हिरवी साडी घेऊन ट्रंकेत ठेवली होती. पण हट्ट असा, की अक्कानं, म्हणजे वहिनीनं, स्वतः उंबऱ्यात येऊन बोलावलं तरच हळदीला जाईन. तिकडे वहिनीचं म्हणणं, धाकटीनं आधी यावं. हळद पंधरा दिवसांवर आली. बायको रोज ट्रंक उघडायची, साडीवरून हात फिरवायची, ट्रंक लावून टाकायची. मी काही बोललो की म्हणायची, तुम्ही तुमच्या केळी बघा.

गल्लीत टीव्ही आमच्याकडे एकट्याकडे. रविवारी सकाळी त्याच्यावर आकाशात हिंडणाऱ्या यानाची मालिका लागायची. वहिनीचं घर सोडून अर्धी गल्ली आमच्या घरात. बघणारे एकेक नग होते. एक म्हातारा दर वेळी विचारायचा, ही माणसं परसाकडे कुठं जातात? भुसावळला आगगाडीचं इंजिन चालवून निवृत्त झालेले एक आबा होते, ते यानातल्या चुका काढायचे. म्हणायचे, एवढी गाडी चालली आणि झेंडी दाखवायला कुणी नाही. बायका यानातल्या बाईच्या आखूड केसांवर हळहळायच्या. माझ्या बायकोचा जीव मात्र कप्तानावर. तो जेवताना कधी दिसत नाही याची तिला फार काळजी.

त्या रविवारी यानाला आग लागली. कप्तानानं बाकीच्यांना छोट्या यानात बसवून लावून दिलं आणि स्वतः मागं राहिला. पडदा पांढरा झाला, भाग संपला. कुणी उठेना. आबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "डायव्हर इंजिन सोडत नाही." माझ्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

सगळे गेले, दुपार झाली, तरी चूल थंडच. मी विचारलं तर म्हणाली, आज मन नाही. आता मन नाही म्हणजे माझं पोटही नाही का? मला खोडी सुचली. ओट्यावर आलो आणि गल्लीतून चाललेल्या आबांना तोंड पाडून सांगितलं, आमच्याकडे मयत झालंय, चूल बंद आहे. आबा माझ्याहून बेरकी. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला आणि ओट्यावर मान खाली घालून बसले, दुखवट्याला दारावर बसायला आलेला माणूस बसतो तसे. त्यांचं बघून आणखी तिघं बसले. हसू दाबून दाबून एकाला उचकी लागली, ती लांबून हुंदक्यासारखी दिसत होती.

समोरच्या दारातून वहिनीनं हे पाहिलं. चूल बंद, ओट्यावर डोकं झाकलेली माणसं. आमच्याकडे अशा वेळी भांडण मधे आणत नाहीत. बाई घरातल्या भाकरी आणि पिठलं टोपल्यात घालते, दारातून गळा काढतच आत शिरते. कोण गेलं हे मग विचारायचं. वहिनीनं आठ पावलं ओलांडली, टोपलं ठेवलं आणि माझ्या बायकोच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की उचकीवाल्याची उचकी थांबली. बायकोही रडली. कप्तानासाठी म्हणा, तीन वर्षांसाठी म्हणा.

वहिनी धुळ्याकडची, मन भरून आलं की तिच्या तोंडी अहिराणी यायची. डोळे पुसून म्हणाली, "कोन गयं माय?"

"कप्तान गेला, अक्का."

"कोणता? तुझा मिलिटरीतला मामा?"

बायकोनं टीव्हीकडे बोट दाखवलं.

वहिनी उठलीच. ओट्यावरच्या चौघांकडे आणि माझ्याकडे तिनं असं पाहिलं की आबांनी टॉवेल उतरवला. मला वाटलं, गेली हळद. माझ्या एका खोडीपायी ती साडी ट्रंकेतच कुजणार. पण बायकोनं टोपलं जवळ ओढून घेतलं. दुखवट्याची भाकरी परत करत नाहीत, आणि आणणारीला ती परत नेता येत नाही. बायको म्हणाली, "आलीस ना उंबऱ्यात? रडलीस ना? आता ते तुला परत नेता येतं का?"

वहिनीनं टोपल्याकडे पाहिलं. मग खाली बसली आणि म्हणाली, "मेला कसा तो?"

बायकोनं तिला सगळा भाग सांगितला, हातवारे करून. मी मधल्या मधे तीन भाकरी हाणल्या.

पुढच्या रविवारी वहिनी सगळ्यांच्या पुढं बसली होती. कप्तान जिवंत निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी तेवढी फुगून बसली. म्हणाली, मरायचं नव्हतं तर आधी सांगायचं, माझ्या भाकरी फुकट गेल्या. हळदीच्या दिवशी माझी बायको काखेत साडी आणि डोक्यावर वरवंटा घेऊन समोर गेली. हळकुंडं त्याच पाट्यावर वाटली. वरवंटा तिकडेच राहिला, मी विचारायच्या भानगडीत पडलो नाही.

मागच्या थंडीत बायको गेली. जळगावच्या दवाखान्यातून मी तिला घरी आणलं. ओट्यावर माणसं डोकं झाकून बसली होती. वहिनी आता वाकली आहे, आठ पावलांना तिला काठी लागते. टोपलं घेऊन आली, पण या वेळी तिनं गळा काढला नाही. उंबऱ्यातच थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"खरं शे का, भाऊ?"

मी मान डोलावली. मग तिनं टोपलं खाली ठेवलं.