अस्तरबाई पाण्यात उतरते

गल्लीत सगळे तिला अस्तरबाई म्हणायचे आणि त्याचा तिला कधी राग आला नाही. कोट शिवणारी बाई ती. हिवाळी कोटाचं बाहेरचं कापड तुम्ही कुठूनही आणा, कसल्याही रंगाचं आणा, ती अवाक्षर काढायची नाही. पण कुणी म्हणालं, "आतून अस्तर नको हो, उगाच जड होतं," की संपलंच. तोंडात धरलेल्या टाचण्या काढून ती टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "मग कोट तरी कशाला? चादर गुंडाळा आणि फिरा गावभर." गिऱ्हाईक मुकाट्यानं अस्तराचे नमुने बघायला लागायचं.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची तळघरातली खोली. कापायचं लांब टेबल, पायमशीन, कोपरा उडालेला आरसा आणि दिवसभर फुसफुसणारी वाफेची इस्त्री. खिडकी रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. बूट बघून ती ओळखायची कोण आलंय. नवरा गेल्यावर या खोलीच्या जोरावर तिनं मुलाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं. कुणापुढे हात पसरला नाही. हे ती स्वतः कधी बोलून दाखवायची नाही, पण तिच्या चालण्यात दिसायचं.

हिवाळा म्हणजे तिचा हंगाम. तेव्हा तिला मान वर करायला फुरसत नसायची. आणि नेमकी तेव्हाच काही मंडळी हातात पातळ, फुलाफुलांचे कपडे घेऊन जिना उतरायची. "आम्ही बेटावर चाललोय, उन्हात. हे एवढं तोकडं करून द्याल?" ती करून द्यायची. करता करता पुटपुटायची, "जा बाबांनो, डुंबा. आम्ही आहोत इथे वाफ खायला." सगळं आयुष्य तिनं लोकांच्या सुट्ट्यांची उंची कमी केली, आणि समुद्र काही पाहिला नाही.

म्हणून मुलानं एका संध्याकाळी तिकिटं तिच्या टेबलावर ठेवली तेव्हा ती भडकली खरी, पण पुरती नाही.

"भर हंगामात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हे सगळे कोट काय भूत येऊन शिवणार आहे?"

"आई, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. सगळे मिळून जाऊ. तुझी नात रोज विचारतेय, आजी येणार ना म्हणून."

नातीचं नाव काढलं की म्हातारी विरघळणार, हे त्याला पक्कं ठाऊक. आणि खरं सांगायचं तर मन तिचंही होतंच. ज्या समुद्रासाठी एवढी माणसं तिच्याकडे कपडे तोकडे करायला आली, तो एकदा बघावा तरी! तिनं हातातलं काम कसंबसं उरकलं, दुकान आयुष्यात पहिल्यांदा हिवाळ्यात गिऱ्हाइकांसाठी बंद केलं आणि पोहायचा पोशाख शिवायला घेतला.

हो, शिवायला. तयार मिळतात ते सूनबाईनं दाखवले होते. अस्तरबाईनं एक उचलून उजेडात धरला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "यात माझा एक हात झाकला जाईल. बाकीच्या बाईचं काय करायचं?" मग तिनं गडद निळं कापड काढलं. कोपरापर्यंत बाही, गुडघ्याखाली उतरणारा घेर, छोटीशी कॉलर, समोर चार बटणं. हात सवयीनं चालत होते. चांगले दोन दिवस खपून शिवला आणि सुटकेसच्या तळाशी घडी करून ठेवला.

विमानतळावर मुलानं हात पुढे केला. "दुकानाची किल्ली दे माझ्याकडे. तू हरवशील."

"आजवर हरवली नाही ती."

"आई, दे ना. सुट्टीवर चाललोय आपण." मागे रांग खोळंबली होती. तिनं दिली. तेवढ्यासाठी कुठे वाद घालत बसा, असं तिला वाटलं.

बेट म्हणाल तर चित्रात असतं तसंच. ऊन, वाकडी झाडं, पायाला चटका देणारी वाळू. पण पहिल्या दिवसापासून अस्तरबाईची जागा ठरलेली होती. छत्रीखालची खुर्ची. पायाशी चपला, मांडीवर टॉवेल, बाजूला पिशव्या, फोन, चष्मे, पाण्याच्या बाटल्या. "सामानाजवळ आई आहे ना," असं म्हणून मुलगा पाण्याकडे पळायचा. सूनबाई पोरीमागे वाळूत धावायची. पोर झोपली की तिलाही आजीच्या मांडीवर टाकायचे. दोन दिवस तिनं मूग गिळून काढले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मुलानं हळूच विषय काढला. "आई, दुकान बंद ठेवलंस, तर जग बुडालं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे परत गेल्यावर उघडूच नको आता. आमच्याकडची मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय. पोरीकडे लक्ष ठेव, आराम कर. एकटी राहतेस, त्या जिन्यावरून चढउतार करतेस, माझा जीव टांगणीला असतो. वय झालंय तुझं."

सून कपात बघत होती. अस्तरबाईच्या आत काहीतरी चर्रकन कापलं गेलं. तिला आत्ता कळलं की ही सहल नव्हे, ही निरोपाची तयारी आहे. किल्ली का मागितली तेही कळलं. दुकान गेलं की ती कोण उरणार? दिवसभर छत्रीखाली सामान राखणारी.

"वय झालं म्हणजे हातपाय गळले का माझे?" ती म्हणाली. "माझं मी बघते. आणि तुला खोटं वाटत असेल तर आजच दाखवते."

खोलीत जाऊन तिनं निळा पोशाख चढवला, वरपर्यंत बटणं लावली आणि ताठ मानेनं समुद्राकडे निघाली. किनाऱ्यावरची दोनचार माणसं वळून बघायला लागली. बघू देत. पाण्याचा पहिला स्पर्श झाला आणि तिला खुदकन हसू आलं. घोट्यापर्यंत पाणी, मग पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. आणि मग एक लाट आली. फार मोठी नव्हती हो, पोरंसोरं तसल्या लाटेवर खिदळत होती. पण अस्तरबाई बसकन खाली बसली आणि काही केल्या उठेना. कुणीतरी खालून धरून ठेवल्यासारखं अंग जड झालं. दुसरी लाट डोक्यावरून गेली. नाकातोंडात पाणी गेलं. ती घाबरली, चांगलीच घाबरली, आणि कधी नव्हे ते मुलाला हाक मारली.

मुलगा आणि शिट्टीवाला जीवरक्षक, दोघांनी मिळून तिला ओढून बाहेर काढलं. सगळा किनारा बघत होता.

"बघितलंस?" मुलगा धापा टाकत म्हणाला. "गुडघाभर पाण्यात! गुडघाभर पाण्यातून उठता येत नाही तुला, आणि म्हणे दुकान चालवते! बस झालं आता. मी तुझं काहीएक ऐकणार नाही."

उठता आलं नव्हतं हे खरंच होतं. ती खोलीवर आली, पोशाख गच्चीच्या कठड्यावर टाकला आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच जास्त संताप येत होता. पोरगा बरोबर असेल तर? खरंच पायातलं बळ गेलं असेल तर?

दुपारभर बाहेर टप टप आवाज येत राहिला. ती आधी ऐकत नव्हती, मग ऐकायला लागली. एवढ्या रणरणत्या उन्हात, शेजारच्यांचे टॉवेल कडक वाळून पापड झाले, आणि हा पोशाख अजून गळतोय? उठून तिनं तो कठड्यावरून उचलला. म्हणजे उचलायला गेली. दोन्ही हात लावावे लागले! तिनं आत बोटं घातली आणि जागीच थबकली.

अस्तर. गळ्यापासून घेरापर्यंत अख्खं जाड सुती अस्तर. कॉलरीत कडक कॅनव्हास. एवढंच नव्हे, तर कोटाला असतो तसा आतल्या बाजूनं खिसा, आणि खिशात मूठभर ओली वाळू. आपण हे केव्हा घातलं ते तिला आठवतसुद्धा नव्हतं. हातांनी घातलं होतं. हातांना दुसरं काही येतच नव्हतं ना!

"अगं बाई," ती मोठ्यानं म्हणाली, "मी हिवाळी कोट घालून समुद्रात गेले!"

आणि हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. सूनबाई धावत आली, तिला वाटलं सासूबाईंना काही झालं की काय. अस्तरबाईनं पोशाख तिच्यापुढे धरला. "उचल. उचलून तर बघ. घोडासुद्धा बसला असता या ओझ्यानं." मग पिशवीतून छोटी कात्री काढून तिथेच गच्चीवर बसली आणि उसवायला लागली.

सूनबाईनं खाली बसून कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं. ताणता ताणता म्हणाली, "आई, एक सांगू? ती मागची खोली मी रिकामी केली नाही. मी तिथे बसून काम करते. यांनी माझं टेबल बाहेर काढलं, तेव्हा मलाही विचारलं नव्हतं."

अस्तरबाईनं मान वर केली. "मग बोललीस का नाहीस?"

"तुम्हाला वाटलं असतं, सुनेला मी नकोशी झाले."

"वाटलं असतं," अस्तरबाई म्हणाली. "आता नाही वाटत. नीट ताण ते, टाका दिसत नाहीये मला."

दुसरा दिवस सहलीतला शेवटचा होता. निळा पोशाख आता अगदीच गबाळा दिसत होता. कॉलर लोंबत होती, शिवणीच्या कडा आतून सुट्या होत्या. असलं काम दुकानात कुणी आणलं असतं तर तिनं नाक मुरडलं असतं. मुलानं तिला त्या अवतारात येताना पाहिलं आणि खुर्चीतून उठलाच.

"आई, पुन्हा नाही. काल काय झालं विसरलीस?"

"काल पोशाखात चूक होती, माझ्यात नव्हती. पोशाख मी उसवलाय." तिनं टॉवेल, चपला, फोन, पिशव्या, सगळं उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. "बस खाली. आज सामान तू सांभाळ."

"अगं पण..."

"अहो, बसा ना," सूनबाई म्हणाली, आणि पोरीला त्याच्या शेजारी वाळूत बसवून तीही सासूच्या मागोमाग निघाली.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं. मग मांडीपर्यंत. लाट आली, आणि अस्तरबाई पडली. हो, याही वेळी पडली. मुलगा पिशव्या टाकून धावला. पाण्याच्या काठापर्यंत पोचला तेवढ्यात फेसातून एक हात वर आला, तळवा त्याच्याकडे करून. थांब. सूनबाईसुद्धा होती तिथेच थांबली. अस्तरबाई गुडघ्यांवर आली, वाळूत एक पाय रोवला, मग दुसरा, आणि उभी राहिली. स्वतःच्या पायांवर, कुणाचा हात न धरता. केस तोंडावर, कॉलर एका कानावर. तिनं तोंडातलं पाणी थुंकलं.

"केवढं खारट आहे रे हे!" ती ओरडली. "एवढी गिऱ्हाइकं इथे येऊन गेली, एकानं सांगितलं नाही!"

आणखी तीनदा पडली, तीनदा उठली. मग सावकाश बाहेर येऊन छत्रीपाशी परतलेल्या मुलासमोर उभी राहिली. अंगावरून पाणी निथळत होतं, पण आज ते लगेच निथळून जात होतं. तिनं ओला तळवा पुढे केला.

"किल्ली."

"आई, घरी गेल्यावर बोलू ना आपण."

"घरी गेल्यावर मी कोट शिवणार आहे. लोक कुडकुडत बसलेत माझ्या नावानं. तुझी काळजी मला कळते रे, खोटी नाही ती. जिन्याला कठडा बसवून दे, मी नाही म्हणणार नाही. रोज फोन कर. पण माझं दार मीच उघडणार आणि मीच लावणार. किल्ली दे."

त्यानं बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "द्या. आणि माझं टेबलही परत आत ठेवा." मग त्यानं खाली वाकून वाळूत पडलेल्या पिशव्यांपैकी एक उघडली आणि तळाशी हात घालून किल्ली काढली.

अस्तरबाईनं मनगटाला गुंडाळलेली कापडाची पट्टी सोडली. काल उसवलेल्या अस्तराचीच होती ती, सकाळपासून बांधून ठेवलेली. तिच्यात किल्ली ओवली, दोन गाठी मारल्या, गळ्यात अडकवली आणि पोशाखाचं वरचं बटण लावून टाकलं.

"आई, आता तरी बस," मुलगा म्हणाला.

"बसायला काय झालंय? अजून दुपार आहे," ती म्हणाली, आणि किल्लीसकट पुन्हा समुद्रात शिरली.