सुपातले स्क्रू

सुगंधामावशींनी मला या गावात धरून ठेवलं. हे आधी लिहून टाकतो, कारण त्या गेल्याचं लिहायला बसलो की हात थांबतो आणि सांगायचं ते राहूनच जातं. मी मूळचा जतकडचा, ज्वारीच्या मुलखातला. शाळा नववीत सुटली. बोअरवेलच्या ट्रकवर कामाला लागलो आणि फिरत फिरत गोंदिया जिल्ह्याच्या या टोकाला, केशोरीजवळच्या एका लहान गावात आलो. ट्रक पुढं गेला, मी राहिलो. मावशींनी घराला लागून असलेली खोली मला भाड्यानं दिली. पण थोड्याच दिवसांत माझं ताट त्यांच्याच सपरीत, पुढच्या पडवीत, मांडलं जाऊ लागलं. "एकट्या मानसाचा भात नीट शिजत नाई," एवढंच कारण त्यांनी दिलं.

मागच्या महिन्यात दुपारी शाळेबाहेर व्हॅनमध्ये बसलो होतो. मी आसपासच्या गावांतली मुलं शाळेत नेतो-आणतो. मावशी लेकीकडे सौंदडला गेल्या होत्या, मीच त्यांना सोडून आलो होतो. त्यांच्या लेकीचा फोन आला. "दादा, आई गेली. जेवून बसली होती... बसल्या बसल्याच." तेवढ्यात शाळेची घंटा झाली आणि मुलं पळत आली. एकेकाला त्याच्या त्याच्या दारात सोडलं. शेवटची मुलगी उतरल्यावर मात्र गाडी कडेला घेतली आणि जरा वेळ तसाच बसून राहिलो. मग सौंदडची वाट धरली. अंत्यविधीला पंचशील म्हणायला सगळे उभे राहिले तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. मला सगळे शब्द येत नाहीत. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांचा आवाज ऐकत त्यांच्या मागोमाग म्हणत राहिलो.

लोक विचारतात, तुझी मावशी नात्यानं कोण? नात्यानं कोणीच नाही. पण त्या दिवाळीला त्या नसत्या तर मी आज जतला असतो, आणि काय करत असतो ते मला ठाऊक नाही.

व्हॅन घेऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. जुनीच होती. दिवाळीच्या सुटीत ती अंगणात उभी करत होतो, तर मावशी म्हणाल्या, "दव पडते बाबू, बाहेर नोको ठेवू. कोठ्यात लाव." कोठा म्हणजे गुरांचा गोठा. नवा धान नुकताच घरात आला होता, पोती तिथंच रचलेली होती. माझ्या गाडीसाठी त्यांनी ती सरकवून घेतली आणि बाजूला तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीगही नीट लावला. गाडीला असं घर मिळालेलं पाहून मला बरं वाटलं होतं.

सुटी संपत आली आणि गाडी बाहेर काढायला गेलो, तर ती चालू होई, घरघरे, आणि ॲक्सिलरेटर दाबला की काळा धूर सोडून बंद पडे. सोमवारी शाळा उघडणार होती. पलीकडच्या गावातला एक गाडीवाला पालकांकडे आधीच चकरा मारत होता. एका बापानं तर मला तोंडावर सांगितलं होतं, "भाऊ, सोमवारी गाडी दारात नाई दिसली त मी पोरीले त्याच्या गाडीत बसवीन. राग नोको मानू." राग कशाचा मानणार, त्याची पोर त्याला वेळेवर शाळेत हवी होती. पण एकानं पोर काढून घेतलं असतं तर मागोमाग सगळे गेले असते. मेकॅनिकला फोन केला, तर तो मंडईला सासुरवाडीला गेलेला. दिवाळीनंतर इकडं गावोगाव मंडई भरते, जत्राच ती. पाहुण्यांनी घरं भरतात, त्या दिवसांत कोणी कोणाच्या हाती लागत नाही. उरलो मी आणि माझे चार पाने.

व्हॅनची पुढची सीट उचलली की खाली इंजिन. मी प्लग काढले, पॉलिश पेपरनं घासले. पेट्रोलचा फिल्टर बदलला. कार्बोरेटर खोलला, त्याची छिद्रं फुंकून फुंकून तोंड पेट्रोलनं कडू झालं. पुन्हा जोडला. गाडी पुन्हा घरघरली आणि पुन्हा मेली.

"काऊन रे बाबू, इतका तापून राहिला?" मावशी सपरीतून म्हणाल्या.

"चालू होते आणि मरते, मावशी. पाय दिला की मरते."

"मंग पाय नोको देऊ."

मला हसू आलं नाही. त्या उठून आल्या, त्यांनी मी मातीत टाकलेले झाकणांचे स्क्रू बघितले आणि आत जाऊन आपलं बांबूचं सूप घेऊन आल्या. "मले गाडीतलं काही समजत नाई. पन हे असं भुईवर सांडलेलं मले पाहावत नाई. पहिला निंगाला तो या कोपऱ्यात ठेव, शेवटचा त्या कोपऱ्यात." ज्या सुपात तांदूळ पाखडायचा त्यात तेलकट लोखंड कसं ठेवू, असं मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. स्वतःच एकेक स्क्रू लुगड्याच्या पदराला पुसून मांडत बसल्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी मी पाना भिरकावला आणि आईला फोन लावला. आई म्हणाली, "नाही जमत तर ये बाबा घरी. इथं कोण हाकलतंय तुला?" फोन स्पीकरवर होता. मावशींनी माझ्या हातातून फोन घेतला. "बाई, तुहा पोरगा आज नाई येत. त्याचं काम अर्धं पडून आहे. अर्धं काम टाकून मी त्याले जाऊ नाई देत." फोन परत माझ्याकडे आला तेव्हा आई विचारत होती, "काय म्हणाल्या रे त्या?" मी सांगितलं. आई म्हणाली, "मग राहा."

मावशींना एक सवय होती. कापणी झाली की बांधीत, धानाच्या शेतात, पडलेल्या लोंब्या वेचायला, सरव्याला, त्या लहानपणापासून जात. घरचा धान असला तरी जात. दाणा भुईवर दिसला की कमरेतून वाकायच्याच. त्या दिवशीही त्या गाडीखाली वाकून काही वेचत होत्या.

"बाबू, तुही गाडी धान कुठून आनून राहिली?"

"कोठ्यातलाच असेल, मावशी." मी वैतागलेला होतो.

"कोठ्यातला मी सकारीच वेचला. हा आता पडला. तू चाबी फिरवतेस अन् हा पडते."

मी वाकून बघितलं. पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन थरथरलं आणि दोन-तीन दाणे टपटप खाली आले. वर शोधत गेलो तर एअर फिल्टरकडे हवा नेणारी नळी. तिला मी हातच लावला नव्हता, सुटीआधी फिल्टर साफ केला होता म्हणून. नळी ओढून काढली... आत तणस, पोत्याचे धागे आणि दोन-तीन मुठी धान. उंदरानं घर केलं होतं. इंजिनला श्वासच मिळत नव्हता आणि मी त्याचं पोट चिरत बसलो होतो.

मावशींनी त्यातला मूठभर धान हातावर घेतला. मग म्हणाल्या, "मीनंच म्हटलं होतं ना, कोठ्यात लाव म्हून." त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तो मला गाडीपेक्षा जास्त लागला. त्याच पुढं म्हणाल्या, "उंदरानं मंडई भरवली रे बाबू. अन् आपल्याले आवतनबी नाई." तेव्हा आम्ही दोघंही हसलो. मी आधी, मग त्या. नळीतला धान त्यांनी फेकू दिला नाही. कोंबड्यांना टाकला.

सुपातला एकेक स्क्रू उलट्या क्रमानं बसवत आलो. गाडी चालू झाली, पाय दिला, मेली नाही. सुपात एक स्क्रू उरला होता. तो कुठला हे मला आजही कळलेलं नाही. मावशींनी तो सपरीतल्या कोनाड्यात ठेवला. सोमवारी मी प्रत्येक दारात वेळेवर होतो.

त्यानंतर रोज सकाळी मी निघायच्या आधी मावशी गाडीखाली वाकून बघायच्या. कंबर दुखायला लागली तरी हात टेकून बघायच्या. "काही पडलं नाई. जाय." तेवढं ऐकलं की मी गिअर टाकायचो. आईचा फोन आला की त्याही बोलायच्या. दोघींना एकमेकींचं निम्मं कळायचं. "तुह्या मायले एकदा आन इकडं," त्या म्हणायच्या. "भाताबिगर जगनारं मानूस मले पाहाचं आहे." आईही म्हणायची, येईन. पण गुडघे, लांबचा प्रवास, नंतर बघू... असं ते पुढं पुढं जात राहिलं.

मावशींच्या लेकीनं घर तसंच ठेवलंय, खोलीही माझ्याकडेच ठेवली. सूप सपरीतल्या खिळ्याला आहे, तेलाचे डाग तसेच. कोनाड्यात तो स्क्रू आहे. सकाळी गाडी काढायच्या आधी आता मीच वाकून बघतो. काही पडलेलं नसतं, तरी लगेच उठवत नाही.

मावशी, आईला मी घेऊन येईन. तुमच्या सपरीत बसवीन, तुमच्या चुलीवरचा भात तिला वाढीन आणि ते सूप तिच्या मांडीवर देईन. तुमचं माझ्यावर जे आहे ते त्यानं सगळं फिटणार नाही, पण सुरुवात तिथून करीन... एक दिवस नक्की.