कापलेल्या पिसांचा तुईया

भोरच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी चालवते. माणसाला स्टुलावर बसवायचं, हनुवटी जरा खाली घ्यायला सांगायचं, मागं निळा पडदा सोडायचा. ते सगळं बनवलेलं असतं आणि समोर बसलेल्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून त्यात फसवणूक नसते. सुट्टीच्या दिवशी मात्र मी स्कूटरवर कॅमेरा टाकते आणि वेल्ह्याच्या बाजूला रानातले पोपट टिपायला जाते. तिथं तुईया असतात. साध्या पोपटाहून लहान, नराचं डोकं जांभळट गुलाबी, शेपटीचं टोक पांढरं. आपल्याला पाहिजे तेव्हा ते येत नाहीत, आले तर पाठ करून बसतात. तरी मी जाते.

दोन वर्षांपूर्वी माघात एक गृहस्थ दुकानात आले. पुण्याचे, निवृत्त, निसर्ग छायाचित्रणाची शिबिरं घेणारे. त्यांचे शिष्य त्यांना सर म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांच्या पँटला इतके खिसे होते की मेमरी कार्ड शोधता शोधता त्यांनी सगळे दोनदा चाचपले. कार्ड वाचलं जात नव्हतं, ते मी करून दिलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष भिंतीवरच्या माझ्या फोटोकडे गेलं. सावरीच्या लाल फुलांत डोकं खुपसून बसलेला तुईया. सरांनी चष्मा वर करून तो पाहिला आणि म्हणाले, फुलं फार झालीत, विषय हरवतो, आणि कोपऱ्यात विजेची तार आली आहे. तार होती म्हणून आली, असं मी म्हणणार होते. पण पुढच्याच वाक्यात त्यांनी मला मॅडम म्हटलं, तुम्ही आमच्यातल्याच आहात म्हटलं आणि जागा विचारली. मी सांगितली. नुसती सांगितली नाही, पुढच्या रविवारी स्वतः घेऊन जाते म्हणाले. भोरात मला कोणी मॅडम म्हणत नाही, ताई म्हणतात. एवढ्या एका शब्दावर मी विरघळले, याची मला अजून शरम वाटते.

रविवारी वेल्ह्याचा फाटा मागं टाकून ते सगळे आधी कापूरहोळला आले, कारण सरांना तिथल्या धाब्यावरची मिसळच लागते. मी स्कूटर घेऊन तिथंच त्यांना भेटले. सर, एक डॉक्टर जोडपं आणि आयटीत काम करणारी एक मुलगी. तिच्या मांडीवर बुटांचं खोकं होतं, त्याला भोकं पाडलेली. मला वाटलं, काही नाजूक लेन्स असेल. लेन्सच्या खोक्याला भोकं कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. सर मिसळ खाता खाता सांगत होते की पक्षी टिपायचा तर मन शांत हवं, अहंकार गळून पडायला हवा. डॉक्टरीणबाई ते वहीत उतरवून घेत होत्या.

जागा म्हणजे वेल्ह्याच्या पुढं डोंगराच्या पदरातली एक धनगरवाडी. चार घरं, शेळ्यांचे वाडे, खालच्या अंगाला सावरीची तीन झाडं. तिथल्या एका मावशींच्या मुलाच्या लग्नाचे फोटो मी काढले होते, तेव्हापासून जाणं-येणं. मावशींनी पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाल्या. सर म्हणाले, चहा नको, शेळ्या तेवढ्या लांब न्या, फ्रेममध्ये येतात. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि शेळ्या वर हाकल्या. त्यांच्याच दारात त्यांची जनावरं आड येत होती आणि मी तिथं उभी होते.

तासभर सरांनी मोबाईलवर तुईयाची शीळ वाजवली. त्या शिळेच्या खालोखाल मोठ्या आवाजात डॉक्टरांचा कॅमेरा चालत होता, झाडांवर, ढगांवर, कशावरही. पोपट आले, उंच झाडावर बसले आणि आमच्याकडे पाठ करून फुलं कुरतडत राहिले. मला त्यांचं कौतुक वाटलं. सरांना वाटलं नाही. त्यांनी एक वाळकी, शेवाळ धरलेली फांदी गाडीतून काढली. ती पुण्याहून आणली होती. डोंगराच्या रानात यायचं आणि फांदी पुण्याहून आणायची! ती त्यांनी दोन दगडांत उभी केली, मागं उतारावरचं लांबचं हिरवं येईल अशा बेतानं. मग मुलीला म्हणाले, "आण."

खोक्यातून तुईया निघाला. नर, तजेलदार रंगाचा. मुलीनं त्याला फांदीवर ठेवला. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि शीळ घातली, गाडी मागं घेताना वाजते ती धून, अगदी सुरात. कुठल्या तरी सोसायटीच्या पार्किंगजवळच्या पिंजऱ्यात तो वाढला होता. डॉक्टर हसले. सर म्हणाले, आवाज फोटोत येत नाही.

त्याला उडता येत नव्हतं. फांदी हलली की तो तोल सावरायला पंख उघडायचा आणि उजव्या पंखाची लांब पिसं मध्यावर कापलेली दिसायची, कात्रीनं, सरळ रेषेत. प्रत्येक वेळी पाच कॅमेरे चालायचे. हो, पाच. सवयीनं माझंही बोट दाबलं गेलं. तीनदा.

काम झाल्यावर मुलगी त्याला धरायला गेली तर त्यानं तिच्या बोटाला कडाडून चावा घेतला, खाली उडी टाकली आणि करवंदीच्या जाळीत शिरला. थोडा वेळ सगळ्यांनी वाकून पाहिलं. काटे होते. सरांनी घड्याळ बघितलं, पुढं जेवण सांगून ठेवलं होतं. मग त्यांनी जे म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "जाऊ द्या. उलट आपण त्याला त्याच्या घरी सोडलं."

डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. गाडी निघून गेली.

मी आणि मावशी जाळीशी बसलो. मावशींनी कोयत्यानं खालच्या फांद्या उचलून धरल्या, मी ओढणी टाकली आणि तासाभरानं तो हाती लागला. मावशींनी त्याचा पंख उघडून पाहिला.

"ह्याला उडता येत न्हाई, ताई. हितं मांजर हाय, कुत्री हायती. ह्याला हितं आणला कशाला?"

मी म्हणाले, फोटोसाठी.

"आन् वर ती यवढी बसल्याती ती?"

मावशींनी त्याला टोपलीखाली ठेवला, भिजवलेले हरभरे दिले. दुसऱ्या दिवशी मी वनखात्याच्या कचेरीत फोन केला, कारण असा पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे आणि त्याचा त्रास मावशींना झाला असता. वनरक्षक वाडीवर आले, मीही गेले होते. कुठून आला, विचारलं. मी म्हणाले, रानात सापडला. आदल्या दिवसापासून मी सरांना मनातल्या मनात भित्रा, ढोंगी म्हणत होते आणि विचारल्यावर माझ्या तोंडून हे निघालं. वनरक्षकांनी त्याला उपचार केंद्रात नेलं.

सहा महिन्यांनी पुण्यात सरांच्या शिबिराचं प्रदर्शन भरलं आणि मला आमंत्रण आलं. गेले. दारातच मोठ्या चौकटीत तो तुईया, पंख पसरलेला. खाली लिहिलं होतं, वेल्ह्याच्या रानात, नैसर्गिक अधिवासात, मुक्त. त्याला पहिलं बक्षीसही होतं. पंख पूर्ण होता. मी जवळ जाऊन पाहिलं. रोज नवरीच्या चेहऱ्यावरचे डाग आणि नवरदेवाच्या गालावरचे व्रण काढते मी, मला हे काम दिसतं. एकच अख्खं पीस घेऊन सहा ठिकाणी चिकटवलं होतं. प्रत्येक पिसाला त्याच जागी तीच बारीक खाच. माझ्या दुकानात कोणी इतकं गचाळ काम केलं असतं तर नवरीच्या आईनं अल्बम परत पाठवला असता. या माणसाला धड खोटंही करता येत नव्हतं.

सर हातात गुच्छ घेऊन उभे होते, भोवती लोक. मी त्यांना बाजूला बोलावलं नाही. तिथंच म्हणाले, "सर, सहाही पिसं एकच आहेत."

ते हसले. म्हणाले, ताई, ही कला आहे, पंचनामा नाही. पुन्हा ताई झाले होते मी. लोकही हसले आणि कोणीतरी सरांना फोटोसाठी चौकटीशेजारी उभं केलं.

जिन्यात ती मुलगी माझ्यामागं आली. तो पोपट जगला का, तिनं विचारलं. जगला, उपचार केंद्रात आहे, मी म्हणाले. मग ती भराभर बोलत सुटली. पुण्यापासून खोकं तिच्याच मांडीवर होतं, तो आतून सारखा खुडखुड करत होता, तिला कसंतरी होत होतं, पण सरांना माहीत असेल काय करायचं ते, असं तिला वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिची कीव आली नाही, कणभरही नाही. बोटाला चावा घेऊन जाळीत शिरायचं धैर्य खोक्यातल्या पाखराला होतं. ते तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण वनरक्षकाला मी काय सांगितलं होतं ते मला आठवलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी माझे तीन फोटो छापले, काहीही न पुसता, आणि कचेरीत गेले. तेच वनरक्षक होते. त्यांनी फोटो पाहिले, जबाब लिहायला कागद दिला. मी सगळं लिहिलं. त्यांनी वाचून मान वर केली.

"तवा तुमी रानात सापडला म्हनला हुता."

"खोटं बोलले."

"जागा कुनी दावली त्यास्नी?"

"मी."

"मग त्ये बी लिवा."

मी तेही लिहिलं आणि खाली सही केली. पुढं सरांना बोलावणं गेलं, दंड झाला म्हणतात. प्रदर्शनातून सरांचा तो फोटो उतरला. सर आता कोकणाकडे शिबिरं घेतात आणि भोरची माणसं संकुचित आहेत असं सांगतात, हे मला एका गिऱ्हाइकानं सांगितलं. माझ्याबद्दल ते काय म्हणतात, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वाडीवर जाऊन मावशींना तोंड दाखवायला मात्र मला पुढं वर्ष लागलं. गेले तेव्हा मावशी शेळ्या वाड्यातून अंगणात काढत होत्या. मला बस म्हणाल्या, दूध काढायचं हाय अजून, आणि दुधाची रिकामी चरवी माझ्या हातात दिली.